डेस्कटॉपचं वायफाय: डोंगल ठीक, सर्व्हिस एक नंबर

नागपुरात सीताबर्डीच्या एका छोट्या दुकानातून डेस्कटॉपसाठी यूएसबी वायफाय अडॅप्टर, म्हणजे डोंगल, घेतला, पण खरं सांगतो, डोंगलपेक्षा त्यांची सर्व्हिस भारी आहे. घरी आलेल्या पोराने ड्रायव्हर टाकायच्या आधी राउटरचं सेटिंग उघडलं, तर त्यात अजून डब्ल्यूईपी ही वायफायची जुनी सुरक्षा पद्धतच चालू, जे २००१ मध्येच फोडून दाखवलं होतं लोकांनी, मग त्याने त्याहून मजबूत डब्ल्यूपीए२ लावलं, त्यातही डेटा गुप्त ठेवायची जुनी टीकेआयपी पद्धत नाही तर जास्त पक्की एईएसच, आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता पिनने वायफाय जोडायची सोय) बंद केलं कारण तो आठ आकडी पिन शोधून काढता येतो. पासवर्ड मलाच टाईप करायला लावला, स्वतः तोंड फिरवून उभा राहिला, हे फार आवडलं. फक्त कॅबिनेटच्या मागे डोंगल लावला की सिग्नल पडतो, एक्स्टेंशन केबल सोबतच द्या ना भाऊ!