वाईचं छोटं गॅरेज आणि आमच्या जुन्या गाडीचा ऑइलचा लाल दिवा

रेटिंग : 5 पैकी 5, आणि हे मी नीट विचार करून देतेय.

आधी गाडीबद्दल. 2009 ची पेट्रोल हॅचबॅक, 1 लाख 38 हजार किमी झालेत, मूळ बाबांची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण जे झालं त्यात दोष गाडीचा नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती माझ्याकडे आली, सोबत डॅशबोर्डच्या खणात एक निळी वही आली ज्यात बाबा दर पंधरा दिवसांनी किमी आणि ऑइलची लेव्हल लिहायचे. मी ती वही बघितली, परत खणात ठेवली आणि पुढचे चार महिने उघडलीच नाही. सर्व्हिसिंग करून घेतलं होतं पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये, तेव्हा म्हटलं आता काय बघायचंय.

तर मी आणि आई आत्याकडे पाचगणीला निघालो होतो. वाई सोडलं, पसरणी घाट सुरू झाला आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर डॅशबोर्डवर तो लाल दिवा, किटलीच्या आकाराचा, नळीतून थेंब पडतोय असं चित्र असलेला, क्षणभर लागला आणि गेला. पुढच्या वळणावर परत तेच. सरळ रस्त्यावर काही नाही, वळण आलं की चमकतो. आई म्हणाली वायर हलत असेल गं. मलाही तेच वाटलं, पण पुढच्या चढाच्या वळणावर तो लागला तो लागलाच, मग बाजूला जागा बघून गाडी लावली आणि बंद केली.

पहिला फोन केला त्या वर्कशॉपला. तिथला माणूस म्हणाला मॅडम जुन्या गाड्यांना सेन्सर खराब होतो, काही नाही होत, हळूहळू चालवत या सोमवारी बघू. हे वाक्य मी इथे लिहितेय कारण त्याचं ऐकून मी पुढे गेले असते तर आज हा रिव्ह्यू वेगळा असता. ऐकलं नाही ते फक्त एकाच कारणाने, मागून स्ट्रॉबेरीचे रिकामे क्रेट घेऊन एक पिकअपवाले दादा आले, थांबले, दिवा बघितला आणि म्हणाले ताई लाल आहे ना, मग चावीला हात लावू नका, आणि त्यांनी स्वतःच्या फोनवरून वाईच्या एका मिस्त्रींना फोन लावून माझ्याकडे दिला.

मिस्त्रींनी फोनवर तीन प्रश्न विचारले. दिवा लाल का पिवळा? वळणावर लागत होता का सिग्नलला उभं असताना? इंजिनातून टकटक आवाज आला का? मी सांगितलं लाल, वळणावर, आवाज नाही. मग म्हणाले, "बरं झालं बंद केली. परत चालू करू नका, मी येतो." मी विचारलं गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद ठेवूनच खाली सोडू का, उतारच आहे. एकदम आवाज चढला त्यांचा. "अजिबात न्हाय ताई. इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदा दाबला की दगडासारखा होतो, स्टेअरिंग जड होतं. घाट हाय तो." ब्रेकला जी मदत लागते ती चालू इंजिनच्या व्हॅक्युममधूनच मिळते, हे त्यांनी मला नंतर समजावलं. मला खरंच माहीत नव्हतं आणि मी तेच करणार होते.

पाऊण तासात स्कूटरवर आले. डिकीत दोन एक-लिटरच्या ऑइलच्या बाटल्या, नरसाळं, थोडी चिंधी. बोनेट उघडून ऑइलची लेव्हल बघायची पट्टी काढली (तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात), पुसली, परत आत सरकवून काढली आणि माझ्यासमोर धरली. कोरडी. खालच्या खुणेच्याही खाली फक्त टोकाला एक काळसर ठिपका. तो ठिपका मी विसरणार नाही, कारण बाबांच्या वहीत प्रत्येक ओळीत लिहिलंय "वरच्या खुणेला" किंवा "पाव कमी".

त्यांनी एक लिटर ओतलं, पाच मिनिटं थांबले, पट्टी परत बघितली, खालच्या खुणेच्या थोडं वर आलं होतं. मग अजून थोडं थोडं करत अर्धा लिटर. म्हणजे दीड लिटर कमी होतं! पूर्ण इंजिनात मावतंच तीन लिटरच्या आसपास, म्हणजे मी अर्ध्या ऑइलवर घाट चढत होते. मग चालू करायला सांगितलं, दिवा दोन सेकंदात विझला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मुठीकडची बाजू कानाला लावून ते बराच वेळ ऐकत होते, ॲक्सिलरेटर हळूच वाढवायला सांगत होते. मी आणि आई श्वास धरून उभ्या. शेवटी म्हणाले बेअरिंग वाजत नाय, चला खाली, मी मागं हाय.

आता गॅरेजबद्दल. पत्र्याची शेड, एका वेळी दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर नट खोलायचे पाने (स्पॅनर) अगदी आकाराप्रमाणे लावलेले. स्वतः मिस्त्री आणि एक पोरगा, बस. मला जे सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी आधी मोजलं आणि मग बोलले. ऑइल प्रेशरचा जो स्विच असतो इंजिनला (ज्याच्यामुळे दिवा लागतो तोच), तो काढून त्या भोकात घड्याळासारखा गेज लावला आणि इंजिन गरम असतानाच रीडिंग मला दाखवलं. आयडलिंगला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न देता) 18 पीएसआय (दाबाचं माप), 3000 आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) 46. मिस्त्री लोकांचा साधा हिशोब असतो, दर हजार आरपीएमला साधारण 10 पीएसआय मिळालं की पंप आणि बेअरिंग धडधाकट. म्हणाले, "इंजिन चांगलं हाय अजून. ऑइल जातंय कुठं ते शोधू."

तेव्हा मला कळलं की हा लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगतच नाही! तो प्रेशरचा दिवा आहे. प्रेशर पार तळाला गेलं, अर्ध्या बारच्या (साधारण 7 पीएसआय) आसपास किंवा त्याच्याही खाली, तेव्हा लागतो. काही नव्या किंवा महागड्या गाड्यांना लेव्हलचा वेगळा पिवळा दिवा असतो, त्या किटलीखाली लाटेसारखी रेघ असते, तो लागला तर जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन ऑइल घालायला वेळ असतो. पण लाल लागला म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगला ऑइल पोचत नाहीये आणि धातूवर धातू घासतोय, एक-दोन मिनिटांतही इंजिनचं काम निघू शकतं. माझ्या गाडीत वळणावर का लागायचा तर चेंबरमध्ये (इंजिनखालची ऑइलची टाकी) ऑइल इतकं कमी की वळणावर ते एका बाजूला जायचं आणि पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढायची. याउलट लेव्हल बरोबर आहे आणि गरम इंजिन आयडलिंगला असताना दिवा मिणमिणतो, तर पंप, बेअरिंग किंवा फार पातळ झालेलं ऑइल, आणि लेव्हल-प्रेशर दोन्ही बरोबर असेल तरच स्विच खराब. म्हणजे वर्कशॉपवाल्याचं "सेन्सर असेल" हे सगळ्यात शेवटी काढायचं अनुमान, ते त्याने फोनवर सगळ्यात आधी काढलं.

मग त्यांनी विचारलं ऑइल दर महिन्याला किती घालता. मला सांगता येईना. तेव्हा वही आठवली. खणातून काढून दिली तर हात पुसून, चष्मा लावून ते उभ्या उभ्या पानं वाचत बसले. दोन वर्षांच्या नोंदी, हजार किमीला फार तर 100 मिली कमी व्हायचं. म्हणाले, "वडिलांनी गाडी चांगली ठेवलीय. हे इंजिन ऑइल खात नव्हतं, मग चार महिन्यात खायला लागलं असं होत नाय. हे सर्व्हिसिंगनंतर गळतंय." (काही कंपन्या मॅन्युअलमध्ये हजार किमीला एक लिटरपर्यंत चालतं असंही लिहितात, त्यामुळे नुसतं ऑइल कमी होतंय म्हणून कोणी इंजिन उतरवायला सांगितलं तर घाबरू नका.) सायलेन्सरमधून निळा धूर येतो का तेही बघितलं, उतारावरून इंजिन ब्रेकिंग करत आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की निळा भपका येत असेल तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात, तसं काही नव्हतं.

गाडी वर घेतली आणि सापडलं. चेंबरच्या नटाला (जो काढून जुनं ऑइल सोडतात) जो वायसर असतो तो जुनाच परत बसवलेला, दाबून पार चपटा झालेला, तिथून थेंब थेंब. आणि वर टॅपिट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग वयाने कडक होऊन मागच्या बाजूने पाझरत होतं, ते सायलेन्सरच्या गरम पायपावर पडून जळत होतं. सिग्नलला जळका वास यायचा तो हा, मी समजायचे पुढच्या रिक्षाचा आहे. आणि पार्किंगमध्ये डाग का नाही पडला तर खालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर सगळं साठत होतं. मिस्त्रींनी ते कव्हर काढून वाकडं केलं तेव्हा काळी धार लागली.

त्यांनी ऑइल गार होऊ दिलं, धुतलेल्या ट्रेमध्ये काढलं, वरून पातळ कापड बांधून तेच परत घातलं कारण ते चार महिन्यांचंच आहे, फेकायचं काही कारण नाही म्हणाले. घाटात घातलेलं 20डब्ल्यू-50 होतं आणि आधीचं 10डब्ल्यू-40 (हे ऑइलच्या घट्टपणाचे ग्रेड), मी विचारलं मिक्स झालं तर चालेल का. अडचणीत चालतं, कमी ऑइलवर पळवण्यापेक्षा दुसऱ्या ग्रेडचं घातलेलं केव्हाही बरं, पुढच्या सर्व्हिसिंगला एकसारखं करा. मॅन्युअल मागून त्यातला ग्रेड स्वतः बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. आणि मी पेट्रोल पंपावर मिळणारी ती घट्ट ऑइल ट्रीटमेंटची बाटली घालू का विचारल्यावर सरळ नाही म्हणाले, गळती पॅकिंगने थांबते बाटलीने नाय. वरच्या खुणेच्या वर भरलं तर काय होतं तेही सांगितलं, क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो आणि फेसाने प्रेशर पडतं, म्हणजे जास्त भरूनही तोच लाल दिवा लागू शकतो.

बिल : पॅकिंग 320, वायसर 20, दोन लिटर ऑइल 860, मजुरी 500. एकूण 1700 रुपये. घाटात यायचे वेगळे पैसे घेतलेच नाहीत, मी दोनदा म्हटलं. उरलेली अर्धी बाटली झाकण घट्ट करून डिकीत ठेवून दिली. जुनं पॅकिंग आणि वायसर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं, बघा म्हणाले, बोटाने दाबलं तर पॅकिंगचा तुकडा बिस्किटासारखा मोडला.

पुण्यात परत आल्यावर त्याच मोठ्या वर्कशॉपला गाडी नेली, फक्त काय म्हणतात ते बघायला. ऑइल कमी झालं होतं एवढंच सांगितलं तर गेज न लावता, पट्टी न काढता, एस्टिमेट आलं 45 हजार, रिंग-पिस्टन सकट. तेव्हा मी नमस्कार करून निघाले.

काय कमी आहे ते पण लिहिते. बसायला जागा नाही, एक बाकडं आहे त्यावरही कार्बोरेटर ठेवलेला असतो, आई शेजारच्या चहावाल्याकडे बसली. टॉयलेट नाही, स्टँडवर जावं लागतं. छापील बिल नाही, ऑइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं, यूपीआय चालतं. वेळ लागतो, आमचे साडेचार तास गेले. डिझेल आणि एसीचं काम घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. फोन बहुतेक वेळा उचलत नाहीत कारण हात ऑइलमध्ये असतात. गॅरेजचं नाव आणि नंबर त्यांनीच टाकू नका सांगितलंय, दोनच माणसं आहेत, गर्दी झाली तर काम घाईचं होईल म्हणाले. वाईला स्टँडबाहेर कुणालाही स्कूटरवाले मिस्त्री विचारलं की सांगतात.

आता 2300 किमी झालेत त्याला. वही परत चालू केलीय, दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी, इंजिन गार असताना. पट्टी काढायची, पुसायची, परत घालून काढायची, दोन मिनिटांचं काम आहे. काल बघितलं तर वरच्या खुणेपासून जेमतेम पाव भाग खाली. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी मला किमीचा आकडा विचारला आणि हजाराला किती पडलं त्याचा हिशोब तोंडी करून सांगितला, मी तो तसाच लिहिला.

आणि हो, रविवारी दुपारनंतर गॅरेज बंद असतं. महाबळेश्वरहून परतताना जायचं असेल तर सकाळी लवकर उतरा.