परदेशी चीजची फळी आणि हिरवा ठिपका: पुण्यातील एका दुकानाचा अनुभव

पुण्यात आमच्या भागात परदेशी खाद्यपदार्थांचे जे दुकान आहे, तेथील माल ताजा असतो, भाव वाजवी असतात आणि नोकर आपुलकीने बोलतात. माझी तक्रार फक्त चीजच्या फळीबद्दल आहे, पण ती गंभीर आहे.

सासूबाई जैन असल्यामुळे घरात येणारे प्रत्येक पाकीट मी वाचूनच घेते. 'शाकाहारी' अशी पाटी लावलेल्या या फळीवर इटलीचे पार्मिजानो रेजानो ठेवलेले होते. त्याच्या संरक्षित उत्पादन-नियमांनुसार दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेटच वापरावे लागते. मालकांना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "ताई, चीज म्हणजे दूधच, मग ते मांसाहारी कसे?" हा गैरसमज व्याख्येतून येतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या नियमांत प्राणिजन्य घटक असलेला पदार्थ मांसाहारी ठरतो, मात्र दूध, दुग्धजन्य पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख यांना त्यातून वगळले आहे (कार्नौबा मेण ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे असते, तरी त्याचेही नाव त्या यादीत आहे). ही सूट दुधाला आहे. रेनेट या जठरातील विकराला (एन्झाइमला) ती लागू करणे मला मान्य नाही.

या सवलतींमुळेच नुसता हिरवा ठिपका आमच्या घरी पुरत नाही. कीटकांपासून मिळणाऱ्या लाखेची चकाकी दिलेली, म्हणजे घटकांच्या यादीत 904 हा क्रमांक असलेली गोळी नियमाने शाकाहारी ठरते, पण सासूबाई ती घेत नाहीत. मधही त्यांना वर्ज्य आहे. 631 हा स्वादवर्धक मांसापासूनही बनतो आणि वनस्पतींपासूनही, आणि नुसता क्रमांक वाचून ते कळत नाही. घटकाचा उगम वनस्पती की प्राणी हे स्पष्ट लिहावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बजावले होते. ग्राहकाला तो हक्क आहेच.

त्याच फळीवर सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे, तसे वेष्टनावर स्वच्छ लिहिलेले देशी कडक चीजही मिळाले. त्याची चव थोडी सौम्य आणि खारट आहे, परंतु गरम पास्त्यावर ते छान वितळते आणि सासूबाईंनी ते निःशंकपणे खाल्ले. दोन्ही चीज वेगळ्या फळ्यांवर ठेवावीत, असे मी मालकांना लेखी कळवले असून पाटी बदलेपर्यंत तेथून दुसरे चीज घेणार नाही.