आवाज लय भारी हाय, भाऊ

दारव्ह्याच्या बाजारातून मागच्या दिवाळीत सेकंडहँड अँड्रॉइड घेतला, 5,800 रुपयांत. दुकानदार माणूस भला. गाणं लावून त्याने फोन थेट माझ्या कानाशी धरला. मी कानाकडे बोट करून हात हलवला, तर बिलाच्या मागे लिहून दिलं, 'आवाज लय भारी हाय, भाऊ'. ते बिल अजून गल्ल्यात ठेवलं आहे.

मी शिंपी, जन्मापासून कर्णबधिर. आम्ही फोनवर बोलतो ते व्हिडिओ कॉलवर, हातांच्या खुणांनी, म्हणून दोन्ही हात मोकळे पाहिजेत. हातात धरला की अर्धंच बोलणं होतं. मी शिलाई मशीनवर रिळांच्या डब्याला टेकवून ठेवतो आणि दाराकडे तोंड करून बसतो. उजेड पाठीमागे आला की समोरच्याला माझी नुसती काळी सावली दिसते. पुढचा कॅमेरा साधाच आहे, तरी पुरतो. चित्र थोडं पुसट चालेल, अडखळलेलं नाही. घरात रेंज कमी, चित्र गोठतं. आमच्या होस्टेलच्या खुणांत 'काल' आणि 'उद्या' यांत फरक हात मागे गेला की पुढे, एवढाच. तो हात मधेच गोठला आणि मी साक्षगंधाला दिग्रसला एक दिवस उशिरा पोचलो. तेव्हापासून कॉल फक्त गच्चीवरून.

खरी अडचण या फोनची नाहीच, समोरच्याच्या फोनची आहे. होस्टेलचे आम्ही तिघे मित्र. एक पुण्यात, त्याच्याकडे आयफोन. फेसटाइम, म्हणजे आयफोनचं व्हिडिओ कॉलचं ॲप, त्यात अँड्रॉइडवाल्याला 2021 पासून शिरता येतं, पण लिंक आयफोनवाल्यानेच पाठवायची. मी आपणहून त्याला लावू शकत नाही. शेवटी त्याला व्हॉट्सॲपवर आणलं. दुसरा वणीकडचा, त्याच्याकडे कीपॅडचा 4जी फोन. त्यात मेसेज येतात, माझ्या ॲपचा व्हिडिओ कॉल येत नाही. डायलरमध्ये व्हिडिओचं बटण आहे खरं, पण दोन्हीकडचे फोन आणि दोन्हीकडचं नेटवर्क जुळलं तरच ते चालतं. आमचं जुळलं नाही.

अमेरिकेत कर्णबधिरांसाठी वेगळे व्हिडिओफोन असतात. तिथेही एका कंपनीच्या यंत्रावरून दुसरीच्या दुभाष्याला, म्हणजे खुणा बघून समोरच्याला बोलून सांगणाऱ्याला, कॉल लागत नसे. 2006 मध्ये एफसीसी या तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने अशी अडवणूक बंद करायला लावली. आमच्या गच्चीवर कोण हुकूम काढणार?

फोनला पाचपैकी साडेतीन. बॅटरी दुपारपर्यंत टिकते, आणि लाइट गेली की मी मुका. घेणार असाल तर दुकानात गाणं ऐकत बसू नका. ज्याच्याशी बोलायचं त्याला तिथूनच व्हिडिओ कॉल लावून बघा.

वणीवाला आता पुतण्याच्या फोनवरून बोलतो. पुतण्या वावरातून साडेसातला येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तो थकून फोन उशाशी घेऊन झोपतो, मग त्या आठवड्यात आमचं बोलणं बंद.