रन-फ्लॅट टायर आणि स्टेपनीविना गाडी : १४ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी घेऊन १४ महिने झाले, मीटरवर २३,४०० किलोमीटर आहेत. चारही टायर कंपनीतूनच रन-फ्लॅट आलेले, माप २२५/४५ आर १८. डिकीची फळी उचलली तर खाली स्टेपनीची जागाच नाही. जॅक नाही, पानाही नाही. गाडी ताब्यात घेताना मला सांगितलं गेलं की पंक्चर झालं तरी ८० किलोमीटर जाता येतं, मग स्टेपनी हवी कशाला? मला ते पटलं होतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. काय सांगायचं राहिलं होतं, ते कळायला मात्र दोन पंक्चर व्हावी लागली.

आधी हा टायर काय करतो ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन मुख्यतः आतली हवा पेलते. हवा गेली की टायरची बाजू चिमटते, रिम तिच्यावर बसते आणि काही मिनिटांत टायर फाटतो. रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंतीत जाड, कडक रबराचा थर असतो. हवा शून्यावर आली तरी ती भिंत वजन उचलून धरते. रिमही वेगळी लागते. टायरची कड आत घसरू नये म्हणून तिच्यावर जास्त उंच उंचवटे असतात. मर्यादा साधारण ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर अंतराची. ही मर्यादा उष्णतेमुळे येते. माझ्या मापाचा टायर ८० किलोमीटरमध्ये अडतीस हजारांहून जास्त फेरे मारतो. हवा नसताना प्रत्येक फेऱ्यात ती जाड भिंत वाकते, सरळ होते आणि तापते. तापून तापून रबर आतून सुटायला लागतं. गाडी भरलेली असेल तर हे लवकर होतं आणि ८० चा आकडा खाली येतो. गाडीच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे. मी ते दुसऱ्या पंक्चरनंतर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

आता रोजचा अनुभव. पहिल्या आठवड्यातच जाणवलं की पुलावरचा प्रत्येक सांधा कानाला ऐकू येतो आणि पाठीला कळतो. सस्पेन्शन कडक असेल असं समजून मी गप्प होतो. मग एकदा स्वतःच्या गेजने सकाळी गार टायरची हवा मोजली, तर चारही टायरमध्ये ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दाराच्या पट्टीवर ३३ लिहिलेलं. हवा ३३ वर आणल्यावर गाडी बरीच माणसाळली. तुमचीही रन-फ्लॅटवाली गाडी आदळत असेल तर पहिलं काम हेच करा. पण हवा बरोबर असूनही छोटे, टोकदार खड्डे हा टायर गिळत नाही. मोठा लांबट उंचवटा गाडी छान पार करते. उखडलेला डांबराचा तुकडा, झाकणाची कड, खडी सांडलेली जागा मात्र थेट आत येते. ज्या भिंतीने संकटात वजन उचलायचं, ती बाकीचे दिवसही तेवढीच कडक राहणार, त्याला इलाज नाही. शिवाय त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा तो एक-दोन किलो जड असतो, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकावरच असतं. तिथला प्रत्येक जादा किलो गाडीला जाणवतो. मागच्या सीटवर बसणाऱ्या आईची तक्रार अजून संपलेली नाही, आणि तिचं बरोबर आहे.

पहिलं पंक्चर चौथ्या महिन्यात झालं. रात्री साडेनऊ, महामार्ग, पाऊस. डॅशबोर्डवर खूण पेटली, पुढच्या उजव्या टायरची हवा २४ पीएसआय आणि उतरते आहे. स्टिअरिंगमध्ये काही म्हणजे काही कळलं नाही. त्या ठिकाणी अंधारात, ट्रक बाजूने जात असताना मला खाली उतरावं लागलं नाही. ताशी ६० ने २२ किलोमीटर चालवून मी घरी पोचलो, तेव्हा हवा १९ वर होती. सकाळी टायर उतरवला, खिळा नक्षीच्या मधोमध होता. आतून पाहिलं तर अस्तर स्वच्छ होतं, म्हणून आतून मशरूम पॅच (देठ भोकात बसणारा, मशरूमच्या आकाराचा तुकडा) लावून तो टायर परत चढवला, आणि तो आजही चालतो आहे. त्या रात्री हा टायर माझ्या पूर्ण उपयोगी पडला. हे मी मनापासून लिहितो आहे, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मला त्याचा रागच आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा चालू नसेल तर रन-फ्लॅट धोक्याचा आहे. साधा टायर बसला की गाडी ओढते, आवाज येतो, बाहेरून दिसतं. रन-फ्लॅट शून्यावरही उभा राहतो, त्यामुळे रिकामा टायर बाहेरून ओळखता येत नाही. सेन्सर बंद पडला असेल तर आपण ताशी १०० ने रिकाम्या टायरवर जात असू आणि आपल्याला पत्ता नसेल. चाकातल्या सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षांत संपते. काही गाड्यांत सेन्सरच नसतो, चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज काढला जातो. अशा गाडीत हवा भरल्यावर यंत्रणा दर वेळी रीसेट करावी लागते, आणि चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरली तर ती ओळखायला तिला कठीण जातं. गेज गाडीत ठेवा.

दुसरं पंक्चर अकराव्या महिन्यात. शनिवारची संध्याकाळ, आम्ही चौघं, डिकी भरलेली. पाण्याने भरलेला खड्डा, खाली धारदार कड. मागचा डावा टायर आपटला आणि आकडा पाहता पाहता ३३ वरून शून्यावर. बाजूच्या भिंतीवर नखाएवढी चीर होती. पुढचं मोठं गाव ४७ किलोमीटरवर. ८० च्या आत आहे, म्हणून आम्ही निघालो. वेग ५० च्या वर नेला नाही. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये तापलेल्या रबराचा वास आत यायला लागला आणि गाडीत कोणी बोलेना. पोचलो.

आणि खरा प्रश्न तिथे सुरू झाला. बाजूची चीर दुरुस्त होत नाही, हे कुठल्याही टायरचं खरं आहे. म्हणजे नवा टायर हवा. रविवारी सकाळी एक दुकान उघडं मिळालं. त्याच्याकडे माझ्या मापाचा साधा टायर होता, रन-फ्लॅट नव्हता. शिवाय त्याच्या मशीनला जादा हात नव्हता, आणि ही कडक भिंत त्याच्याशिवाय रिमवरून नीट निघत नाही. जोर लावला तर रिमला ओरखडे आणि आतला सेन्सर तुटायची भीती. त्याने प्रामाणिकपणे हात लावायला नकार दिला, मला तो आवडला. एका बाजूला साधा आणि एका बाजूला रन-फ्लॅट असं एकाच ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, चालवू नका, असं गाडीचं पुस्तक स्पष्ट सांगतं, कारण वळणावर आणि ब्रेक मारताना दोन्ही वेगळे वागतात. फोन केले, आठ ठिकाणी. टायर मंगळवारी दुपारी मिळाला, तोही गाडी फ्लॅटबेड ट्रकवर घालून दुसऱ्या शहरात नेल्यावर. बाकीचे बसने परतले. सोमवारी आईची डॉक्टरांकडची वेळ होती, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली, ती चुकली.

डिकीत स्टेपनी असती तर? पाऊण तास, हात काळे, आणि त्याच रात्री पुढचा रस्ता. अगदी ती बारीक, तात्पुरती स्टेपनी असती तरी. तिच्यावरही ताशी ८० चीच मर्यादा असते, पण तिच्यात हवा असते, तिची भिंत फेऱ्याफेऱ्याला चिरडत नाही. ती आपल्याला दुकान उघडेपर्यंत, टायर मिळेपर्यंत वेळ देते. रन-फ्लॅटच्या ८० किलोमीटरच्या शेवटी नेमक्या मापाचा टायर, तो चढवणारं मशीन आणि उघडं दुकान, तिन्ही एकत्र असायला लागतात. शहरात कामाच्या दिवशी ते असतात. प्रवासात, सुट्टीच्या दिवशी, रात्री नसतात, आणि टायर फुटायची जास्त शक्यता नेमकी अशाच रस्त्यांवर.

तो काढलेला टायर मी स्वतः आतून पाहिला. मूठभर काळी भुकटी निघाली, आतलं अस्तर सुरकुतलेलं, बोटाने ओढलं तर सुटत होतं. बाहेरून मात्र चीर सोडली तर तो जवळपास नवा दिसत होता. म्हणून सांगतो, शून्य हवेवर चाललेल्या रन-फ्लॅटला नुसतं बाहेरून स्ट्रिप (भोकात खुपसायची रबराची पट्टी) मारून घेऊ नका. नक्षीतला साधा खिळा असला तरी टायर रिमवरून उतरवून आत बघायला लावा. भुकटी दिसली तर तो टायर संपला. बऱ्याच टायर कंपन्या हवेविना चाललेला टायर दुरुस्त करायला मनाईच करतात. साध्या टायरला पंक्चर काढून जे पुढे चालतं, तिथे इथे नवा टायर घ्यावा लागतो, आणि तो मुळातच महाग असतो. माझ्या बाबतीत दुसऱ्या बाजूच्या टायरची नक्षी ५ मिलिमीटर राहिली होती, नव्याची साडेसातच्या आसपास. एवढा फरक एका ॲक्सलवर नको म्हणून दोन्ही बदलले. रिमची कडही वाकली होती. ती मी एकट्या रन-फ्लॅटवर ढकलणार नाही, ४५ प्रोफाइलच्या, म्हणजे बुटक्या भिंतीच्या, साध्या टायरनेही कदाचित वाकली असती. पण कडक भिंत धक्का कमी शोषते, तो रिमपर्यंत जातो, हे खरं.

आपण जिला स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक बनवलं, कारण त्या काळच्या मोटारी स्टेपनीशिवायच विकल्या जात आणि चालकाला रस्त्याच्या कडेला बसून टायर दुरुस्त करावा लागे. रन-फ्लॅटही काही कालचा नाही. डनलॉपने १९७० च्या दशकात डेनोव्हो नावाचा टायर आणला होता, आणि कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारवर १९९४ पासून असे टायर पर्याय म्हणून मिळत. तिथे मला कारण कळतं. दोन सीटांची, बुटकी, वेगवान गाडी, तिच्यात चाक ठेवायला जागा कुठे? पाच माणसं आणि सामान घेऊन लांब जायच्या गाडीत स्टेपनीची जागाच काढून टाकणं मला आजही पटत नाही.

काही गाड्यांत स्टेपनीऐवजी सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर देतात. मोठ्या भावाच्या गाडीत ते आहे. नक्षीतलं बारीक भोक, साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंत, त्याने बंद होतं. बाजूची चीर नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती कोणी बघत नाही. भावाच्या बाटलीची मुदत आम्ही पाहिली तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. माझ्या शनिवारच्या चिरेला ती बाटली मुदतीतली असती तरी काही उपयोग नव्हता.

आता मी काय केलं ते. एक तात्पुरतं बारीक चाक घेतलं. घेताना नटांची संख्या आणि अंतर, मधल्या भोकाचं माप, आणि चाक ब्रेकच्या कॅलिपरवरून निघतं का, हे सगळं बघावं लागतं. माझं पहिलं आणलेलं चाक मागे बसलं, पुढे कॅलिपरला घासलं, परत केलं. दुसरं दोन्हीकडे बसलं. जॅक, पाना, लॉक-नटची किल्ली आणि चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे घेतले. घरासमोर सपाट जागेवर एकदा चाक पूर्ण बदलून पाहिलं. ३५ मिनिटं लागली, त्यातली दहा जॅक नेमका कुठे लावायचा ते शोधण्यात. हे अंधारात आणि पावसात पहिल्यांदा करायची वेळ कोणावर येऊ नये. चाक डिकीत पट्ट्याने घट्ट बांधलं आहे. सुटं ठेवलं तर जोरात ब्रेक मारल्यावर ते सीटवर येऊन आदळेल.

साधे टायर घालायचा निर्णयही झाला आहे. मागचे दोन नुकतेच बदलले, पुढच्यांची नक्षी साडेचार मिलिमीटर आहे. ती दोनच्या आसपास आली की चारही एकदम साधे, त्याच मापाचे, वजनाचा आणि वेगाचा निर्देशांक कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नसलेले. तुमचे टायर कुठले आहेत ते माहीत नसेल तर बाजू वाचा. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, गुडइयर आरओएफ, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेन्टल एसएसआर. डिकीत स्टेपनी नाही आणि बाजूवर यातलंही काही नाही, तर लांब निघण्याआधी फळी उचलून खाली काय दिलंय ते आजच बघा.

तोपर्यंत डिकीत दोन बॅगा कमी बसतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार टायर ३३ वर आहेत का बघतो, आणि पाचव्यात ६० पीएसआय. मागच्या आठवड्यात त्याच रस्त्याने आईला घेऊन गेलो. निघताना तिने विचारलं, "चाक घेतलंस ना?"