शहराबाहेरील एका लहान अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन वर्षे

माझ्या मुलीने 2024 मध्ये कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, नागपूर शहराबाहेरील एका लहान विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेला प्रवेश घेतला आणि आता तिची दोन वर्षे पूर्ण झाली आहेत. महाविद्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण त्याच आवारात तिला अजून दोन वर्षे काढायची आहेत. प्रवेशाच्या वेळी आम्हाला जे कोणी सांगितले नाही, ते मात्र इतर पालकांना कळावे असे मनापासून वाटते.

पहिली गोष्ट विद्यार्थिसंख्येची. संगणकाशी संबंधित शाखा येथे भरल्या, पण विद्युत शाखेत 60 जागांपैकी 40 च्या आसपासच मुले आली. प्रयोगशाळेत एका टेबलावर दोघेच असतात, त्यामुळे जोडणी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करावी लागते, आणि सलग दोन दिवस कोणी दिसले नाही तर सर घरी फोन करतात. दुसऱ्या वर्षी पदविका झालेली मुले थेट प्रवेशाने आली, तेव्हा वर्गाचा रंगच बदलला. त्यांचा हात मोटार उघडण्यात आणि वायरिंगमध्ये बसलेला होता, गणितात मात्र ती अडखळत होती. परीक्षेआधीच्या महिनाभर माझी मुलगी त्यांना गणित शिकवत होती आणि तिची मोटारीची भीती त्यांनी घालवली. मोठ्या वर्गात असे घडले असते असे मला वाटत नाही. कमी संख्येची झळही तितकीच खरी आहे. ऐच्छिक विषय म्हणून प्रत्यक्षात एकच विषय चालवला जातो, सत्राच्या मध्यात एक अध्यापक सोडून गेले तेव्हा त्यांची जागा अडीच महिने रिकामी राहिली, आणि नोकरीच्या मुलाखतींसाठी येथील मुलांना दुसऱ्या महाविद्यालयात जावे लागते.

वर्गात मुले कुठून कुठून आलेली आहेत, हे मला या महाविद्यालयाचे सर्वांत मोठे बळ वाटते. गोंदिया, भंडारा, यवतमाळ, गडचिरोली असे सगळे जिल्हे त्या चाळीस जणांत आहेत. मुलीची एक मैत्रीण भामरागड तालुक्यातून आली असून तिच्या घरी माडिया बोलतात. तिची मराठी शाळेतली, आणि नागपूरची मुले मात्र आपसात मराठी आणि हिंदी मिसळून बोलणारी. पहिल्या सत्रात ती वर्गात तोंडच उघडत नसे. विद्युत यंत्रे शिकवणारे सर एकच मुद्दा आधी इंग्रजीत, मग मराठीत आणि मग हिंदीत सांगतात, फळ्यावर चुंबकीय क्षेत्राची आकृती तिन्ही वेळा नव्याने काढतात, आणि त्यांच्याच तासाला तिने पहिला प्रश्न विचारला, असे मुलीने घरी येऊन सांगितले. कार्यालयाकडे ही समज नाही. सूचनाफलकावर शिष्यवृत्तीधारकांची यादी लावली, तेव्हा नावापुढे जातीचा प्रवर्ग छापलेला होता, आणि ती यादी कॅन्टीनकडे जाणाऱ्या वाटेवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. आम्ही चार पालकांनी प्राचार्यांना लेखी अर्ज दिल्यावर तो रकाना काढला गेला. प्रवर्ग कार्यालयाच्या नोंदवहीत असावा, भिंतीवर त्याचे काही काम नाही.

खर्चाबाबत सविस्तर लिहितो. महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि कोणत्या महाविद्यालयाला किती शुल्क मंजूर आहे हे त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. कॅपमध्ये महाविद्यालयांचे पर्याय भरण्याआधी ते जरूर पाहावे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ मिळतो. पूर्वी तो निम्मा होता. संस्थास्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही, म्हणून जागा सहज मिळते एवढ्यावर तिकडे वळू नये. आम्ही इतर मागास प्रवर्गातले, कागदपत्रे पूर्ण, तरी खिडकीवर "आधी सगळे भरा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत करू" असे सांगण्यात आले. सोबत नेलेली शासन निर्णयाची प्रत दाखवून दोन तास थांबल्यावर केवळ विकास शुल्क घेऊन पावती मिळाली. आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका शेतकरी गृहस्थांकडे ती प्रत नव्हती. त्यांनी रुमालात बांधून आणलेली पूर्ण रक्कम भरली. त्यांना त्याच वेळी थांबवायला हवे होते, ही खंत मला आजही आहे.

याखेरीज बसचे 24,000 रुपये वर्षाला आणि "प्रशिक्षण" या नावाने 6,000 रुपये घेतले जातात. बस वेळेवर येते, तिच्याविषयी तक्रार नाही. प्रशिक्षण म्हणून मात्र दोन वर्षांत चार व्याख्याने झाली. वसतिगृहात राहणाऱ्यांची ओढाताण वेगळीच आहे, कारण खोली आणि मेसचे पैसे सत्राच्या आरंभी द्यावे लागतात, तर महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून मिळणारा निर्वाह भत्ता मुलीच्या त्या मैत्रिणीच्या खात्यात सत्र संपताना आला. मधले चार महिने तिच्या वडिलांनी उसनवारीवर काढले.

शिकवण्यासाठी मी या महाविद्यालयाला पाचपैकी चार गुण देईन आणि कार्यालयाला दोन. त्या 6,000 रुपयांचा तपशील आम्ही दोनदा लेखी मागितला असून उत्तर आलेले नाही. तिसऱ्या वर्षाचे शुल्क भरताना ती रक्कम वगळूनच धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) काढणार आहोत आणि दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या सोबत जोडणार आहोत.