ओढ्यावर सेन्सर की वॉर्डात पथक?

पुरापासून वस्ती वाचवायला ओढ्यावर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणि वॉर्डात मदत पथक, यांपैकी पैसे एकालाच पुरणार असतील तर पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाने काय निवडावं?

देखभालीत सेन्सर नाजूक. पाण्यात बुडवलेल्यावर गाळ बसतो, पातळी चुकते. पुलाखाली टांगलेला रडार सेन्सर बरा, पण बॅटरी आणि सिमकार्ड मे महिन्यातच तपासायला हवं. पथकाला दरवर्षी सराव लागतो, आणि बदल्या झाल्या की पुन्हा श्रीगणेशा.

खरा फरक वेळेचा. खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडायचं पाणी, म्हणजे विसर्ग, आधी कळतो. तिथे नदीकाठच्या एकतानगरीत दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना बाहेर काढणारी माणसंच हवीत. आंबिल ओढा मात्र 25 सप्टेंबर 2019 ला रात्रीच्या अंधारात चढला. झोपलेल्या वस्तीला यंत्रानेच उठवावं.

म्हणून नदीकाठी पथक, ओढ्याकाठी भोंग्याला जोडलेला सेन्सर. नुसता मोबाईलवर संदेश पाठवणारा घेऊ नका.