पॅरिसच्या ब्वा द व्हँसेनमधील वस्त्र-ऐच्छिक हिरवळ : एका सार्वजनिक सोयीचे परीक्षण

पॅरिसच्या पूर्वेकडील ब्वा द व्हँसेन या वनोद्यानात, तिथल्या पक्षी अभयारण्याजवळ, झाडांनी वेढलेली एक मोकळी हिरवळ आहे. नगरपालिकेने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती कपड्यांविना वावरू इच्छिणाऱ्यांसाठी अधिकृतपणे खुली केली. तिथे प्रवेशशुल्क नाही, क्लबचे सभासदत्व लागत नाही आणि कपडे उतरवण्याची सक्तीही नाही. ज्याला जसे सोयीचे वाटेल तसे त्याने बसावे, पडावे, वाचावे, उन्हात शेकावे. ही करदात्यांच्या पैशांतून चालणारी सार्वजनिक सेवा आहे, आणि वाचनालयाचे किंवा जलतरण तलावाचे परीक्षण ज्या कसोट्यांवर होते त्याच कसोट्यांवर तिचेही व्हावे, असे मला वाटते: नियम स्पष्ट आहेत का, ते पाळले जातात का, एकट्या बाईला तिथे निर्धास्त वाटते का, आणि ज्यांना या सोयीशी काही घेणेदेणे नाही त्यांना तिचा त्रास होतो का.

आधी आकाराबद्दल, कारण विरोधाचा पहिला सूर तिथूनच उमटतो. संपूर्ण उद्यान ९९५ हेक्टरांचे आहे आणि हा भाग सुमारे ७,३०० चौरस मीटरांचा, म्हणजे पाऊण हेक्टरहूनही लहान. उद्यानाच्या हजार वाट्यांपैकी एक वाटासुद्धा भरत नाही. संपूर्ण उद्यान कुटुंबांना बंद होईल, ही भीती या आकड्यापुढे टिकत नाही. माझी तक्रार उलट आहे. एवढ्या मोठ्या उद्यानात इतकी लहान जागा दिल्याने गर्दीच्या रविवारी दोन अनोळखी माणसांमध्ये जेवढे अंतर असायला हवे तेवढे राहत नाही, आणि नग्न माणसाला नेमके ते अंतर इतरांपेक्षा जास्त हवे असते.

या सोयीचा सर्वांत चांगला भाग म्हणजे तिची सीमा. कुंपण घातलेले नाही. आत शिरणाऱ्या वाटांवर पाट्या आहेत आणि आपण कुठल्या भागात प्रवेश करत आहोत व कुठून बाहेर पडत आहोत हे त्यांवरून कळते. कुंपण घातले असते तर ती जागा कोंडवाड्यासारखी दिसली असती आणि आत काही लपवण्याजोगे चालते असा समजही पसरला असता. पाटीचे काम वेगळे आहे. ती येणाऱ्याला निवड करू देते: पुढे जा किंवा दुसरी वाट धर. मी पाहिलेल्या एका वृद्ध जोडप्याने परत निघताना पाटीच्या अलीकडेच थांबून, एकमेकांच्या खांद्यांचा आधार घेत, सावकाश कपडे चढवले. आजोबांनी बसायला घेतलेला टॉवेल चार घड्या घालून पिशवीत ठेवला, आजींनी शर्टाचे शेवटचे बटण लावले, आणि मगच दोघे पाटीपलीकडे गेले. त्यांना कोणी हटकत नव्हते, जवळपास रखवालदारही नव्हता. नियम कुठे संपतो हे इतके स्वच्छ दिसत असले की पाळणारा तो आपणहून पाळतो.

फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीने हॉलओव्हर समुद्रकिनाऱ्यावर १९९१ पासून हीच रीत ठेवली आहे. किनाऱ्याच्या उत्तरेकडील एका टप्प्याच्या तोंडाशी, यापुढे नग्न स्नान करणारी माणसे दिसू शकतील, अशी सूचना देणारा फलक आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनने १९८० मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियाने मॅस्लिन किनाऱ्यासाठी १९७५ मध्ये, आणि कॅनडातील टोरांटोने हॅनलन्स पॉइंट या किनाऱ्यासाठी १९९९ मध्ये प्रायोगिक व २००२ मध्ये कायम स्वरूपात असाच भाग नेमून दिला. म्हणजे पॅरिसचा प्रयोग नवा किंवा धाडसी मुळीच नव्हता. चाळीस वर्षांचा अनुभव समोर असताना नगर परिषदेने २०१६ मध्ये अनुकूल ठराव केला आणि पुढच्या वर्षी जागा खुली झाली. उशीर झाला, एवढेच म्हणता येईल.

आता कायद्याकडे वळते, कारण या सेवेचे खरे मोल तिथे आहे. फ्रेंच दंडसंहितेचे कलम २२२-३२ सार्वजनिक ठिकाणच्या लैंगिक प्रदर्शनाला एक वर्षापर्यंतचा कारावास आणि १५,००० युरोंपर्यंतचा दंड सांगते. १९९४ मध्ये नवी संहिता अमलात येईपर्यंत हाच गुन्हा सार्वजनिक शालीनतेचा भंग या जुन्या, सैल शब्दांत लिहिलेला होता. नव्या शब्दांत लैंगिकतेवर भर आला, तरी साध्या, निरुपद्रवी नग्नतेचे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी पोलिसाच्या आणि न्यायाधीशाच्या आकलनावर सोडलेलाच राहिला. अशा वेळी नेमून दिलेली जागा नागरिकाला एक साधे उत्तर देते: इथे, या वेळेत, तुम्ही गुन्हा करत नाही. पुस्तक घेऊन हिरवळीवर पडलेल्या माणसाला याहून अधिक काही नको असते.

कायदा न बदलता नुसता कानाडोळा केला तर काय बिघडते, असे पुष्कळ समंजस माणसे विचारतात. कॅलिफोर्नियाचा अनुभव त्यांनी पाहावा. तिथल्या राज्य उद्यान विभागाचे संचालक रसेल केहिल यांनी १९७९ मध्ये असे धोरण जाहीर केले की, एखाद्या नागरिकाने तक्रार केल्याशिवाय नग्न स्नान करणाऱ्यांवर कारवाई करायची नाही आणि तक्रार आलीच तर आधी त्यांना कपडे घालायला सांगायचे. जवळजवळ तीस वर्षे लोक त्या भरवशावर सान ओनोफ्रेच्या किनाऱ्यावर जात राहिले. मग २००८ मध्ये विभागाने तिथे ते धोरण लागू राहणार नसल्याचे सांगितले, नेचरिस्टांच्या, म्हणजे निसर्गात विवस्त्र वावरणाऱ्यांच्या, संघटनेने न्यायालयात धाव घेतली, आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाने विभागाच्या बाजूने निकाल दिला. रीतसर नियम करण्याची प्रक्रिया न पाळता काढलेले ते धोरण लोकांना हक्क देऊ शकत नव्हते. एका पिढीने जपलेली जागा अशी हातची गेली. मेहेरबानीने मिळालेली मोकळीक मेहेरबानी संपताच जाते, आणि म्हणून पॅरिसने ठराव करून, सीमा आखून, वेळा छापून दिलेली पाऊण हेक्टर जागा मला कॅलिफोर्नियाच्या त्या लांबलचक किनाऱ्याहून मोलाची वाटते.

कानाडोळ्याचा दुसरा तोटा बायकांच्या वाट्याला येतो आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. जागा अधिकृत नसेल तर तिथे कोणी माझा पाठलाग केला, कोणी झाडाआडून अश्लील चाळे केले, तरी मी तक्रार करायला जाणार कशी? तक्रार नोंदवायची म्हणजे आधी मी तिथे विवस्त्र होते हे कबूल करायचे, आणि मग गुन्हेगाराच्या बाकावर मलाच बसवले जाण्याची शक्यता. एका दुसऱ्या शहरात, जिथे अशी जागा निव्वळ रूढीने चालते, मला हा अनुभव आला. एक माणूस बराच वेळ झुडपांच्या कडेला उभा राहून फोन आमच्या दिशेने धरून होता. मी कपडे घालून पहारेकऱ्याकडे गेले, तर त्याने मलाच विचारले की, तुम्ही तिथे काय करत होता. पॅरिसमध्ये नगरपालिकेने सुरुवातीपासून जाहीर केले आहे की या भागात चोरून पाहणे किंवा लैंगिक प्रदर्शन खपवून घेतले जाणार नाही. त्यामुळे तक्रार करणारी बाई नियमाच्या बाजूला उभी असते आणि त्रास देणारा नियमाबाहेर.

तरीही इथे मला एक मोठी उणीव दिसते. फ्रान्सने ऑगस्ट २०१८ मध्ये चोरून पाहण्याचा स्वतंत्र गुन्हा दंडसंहितेत आणला, परंतु त्याची व्याख्या अशी आहे की, कपड्यांमुळे किंवा बंदिस्त जागेत असल्यामुळे व्यक्तीने जे इतरांच्या नजरेपासून झाकले आहे ते पाहण्यासाठी युक्ती योजणे म्हणजे हा गुन्हा. हिरवळीवर विवस्त्र बसलेल्या माणसाने काहीच झाकलेले नसते, आणि जागाही उघडी असते. जिथे रोखून पाहणाऱ्याचा उपद्रव सर्वाधिक, तिथेच या कलमाचे शब्द अपुरे पडतात. ही पोकळी उद्यानाच्या स्थानिक नियमांनीच भरावी लागेल: सीमेच्या आत छायाचित्रणाला पूर्ण बंदी, फोन पिशवीत ठेवण्याची सूचना, आणि सुट्टीच्या दुपारी गणवेशातील रक्षकाची ठरावीक फेरी. पाटीवरील सभ्यतेचे आवाहन चांगले आहे, पण ज्याच्यासाठी ते लिहिले आहे तो पाट्या वाचून सुधारणारा नसतो.

मुलांबद्दलचा आक्षेप मी गांभीर्याने घेते. कुठले शरीर केव्हा पाहावे हे आपल्या मुलांच्या बाबतीत ठरवण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे, आणि नेमून दिलेली जागा तो अधिकार हिरावत नाही, तो वापरता येईल अशी व्यवस्था करते. पाटी दिसली की वळता येते. जिथे पाटी नाही आणि सगळे अलिखित आहे, तिथे मात्र सायकलवरून वळणावर आलेल्या कुटुंबाला काहीच पूर्वकल्पना नसते. जागा निवडताना मुख्य रस्ता, खेळाचे मैदान आणि शाळेची वाट यांपासून ती दूर आहे ना, हे पाहिले तर बराचसा संघर्ष उद्भवतच नाही. पॅरिसने झाडांच्या आडोशाची हिरवळ निवडून हे भान राखले आहे.

मोसम आणि वेळा यांबाबत मी समाधानी नाही. पहिल्या वर्षी ही सोय १५ ऑक्टोबरपर्यंत, सकाळी ८ ते संध्याकाळी ७.३० अशी होती आणि पुढेही ती थंडीत बंद असते. थंडीचे कारण पटते, पण जून-जुलैमध्ये पॅरिसला रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो. नोकरी करणारा माणूस कामावरून सुटून तिथे पोहोचेपर्यंत जागा बंद व्हायला आलेली असते. उन्हाळ्यापुरती वेळ दीड-दोन तासांनी वाढवायला नगरपालिकेला फारसा खर्च येणार नाही, आणि तीच माझी पहिली मागणी आहे.

नियमांची स्पष्टता आणि जागेची निवड यांसाठी मी या सोयीला पाचांपैकी चार गुण देईन, देखरेखीसाठी अडीच आणि आकारासाठी दोन. पहिल्यांदा जाणाऱ्याने आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळी जावे, बसण्यासाठी मोठा टॉवेल न्यावा, शक्य तितके अंतर राखून बसावे, फोन पिशवीच्या तळाशी ठेवावा, आणि कपडे काढायचे की नाहीत हे तिथे अर्धा तास बसल्यानंतर ठरवले तरी चालते. त्या वर्षीच्या मोसमाच्या तारखा आणि वेळा निघण्यापूर्वी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात, कारण मोसमाबाहेर ती इतर हिरवळींसारखीच एक हिरवळ असते आणि तिथे कपडे काढणाऱ्याला पाटीचे संरक्षण मिळत नाही.